तीन पानांची प्रार्थना: एका लिटररी एजंटच्या ‘प्रपोजल क्रिटीक’चा अनुभव

रात्रपाळी संपवून सकाळी सव्वासातला पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसले आणि तो ईमेल उघडला. हीटर नुकता लावला होता, समोरच्या काचेवर बर्फाचा थर होता. घरी जाऊन, चहा घेऊन, शांतपणे वाचावं हे कळत होतं, पण धीर धरवला नाही. माझ्या कादंबरीच्या पहिल्या तीस पानांच्या समासात त्रेसष्ट शेरे होते. पहिल्या तीन पानांवर काहीच नव्हतं. चौथ्या पानावर, माझ्या सगळ्यात लाडक्या परिच्छेदाशेजारी पहिला शेरा: “ही प्रार्थना ती देवाला सांगतेय की वाचकाला?”

फाइल बंद केली आणि तशीच घरी आले. दोन दिवस परत उघडली नाही.

आता त्याला चार महिने झालेत. पैसे भरून एजंटचे शेरे घ्यायच्या ह्या सेवेबद्दल कुणीतरी मराठीत नीट लिहायला हवं असं वाटतं, कारण अमेरिकेत राहून इंग्रजीत लिहिणारे आपले काही ख्रिस्ती भाऊबहीण मला मंडळीत भेटतात आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: एजंटला, म्हणजे लेखकाचं पुस्तक प्रकाशकाला विकून देणाऱ्या मध्यस्थाला, नक्की हवं काय असतं?

आधी सेवा काय आहे ते सांगते. इथल्या एका ख्रिस्ती लेखक-संमेलनाला जोडून ही सोय मिळते. संमेलनाला न जाताही घेता येते. १७५ डॉलर भरायचे, आणि कादंबरीची पहिली तीस पानं, एक पानाचा सारांश आणि पूर्ण प्रपोजल पाठवायचं. प्रपोजल म्हणजे कादंबरी कुणासाठी आहे, कोणत्या प्रकारात बसते, तिच्यासारखी अलीकडची पुस्तकं कोणती, लेखक कोण आणि ती वाचकांपर्यंत कशी पोचवणार, असा सगळा मांडलेला कागद. तीन आठवड्यांत लेखी शेरे येतात आणि नंतर अर्धा तास झूमवर बोलणं होतं. माझ्या वाट्याला आलेल्या एजंटबाई बरीच वर्षं ख्रिस्ती पुस्तकांच्याच बाजारात आहेत. नाव लिहीत नाही, कारण ते बोलणं आमच्या दोघींतलं होतं.

पैशांचा मुद्दा इथेच संपवते, कारण त्यात लोक फसतात. खरा एजंट तुमचं पुस्तक विकलं गेलं तरच कमावतो. प्रकाशकाकडून येणाऱ्या रकमेतले साधारण १५ टक्के त्याचे. तुमचं लिखाण आपल्याकडे घ्यायचं की नाही हे ठरवण्यासाठी वाचायचेच पैसे मागणारा भेटला, तर तिथून निघा. ही सेवा तशी नाही. नोंदणीच्या पानावर ठळक लिहिलेलं आहे की हे फक्त मार्गदर्शन आहे, ह्याने एजंट तुम्हाला घेईल असं नाही आणि ह्याला सबमिशन, म्हणजे एजंटकडे रीतसर विचारासाठी पाठवलेलं लिखाण, धरलं जाणार नाही. बाईंनी झूमवरच्या बोलण्याच्या सुरुवातीला तेच पुन्हा सांगितलं. मला ते आवडलं. अर्धा तास कुणी आशेला लावत नव्हतं, त्यामुळे मोकळेपणाने विचारता आलं.

माझी कादंबरी बायबलातल्या रूथच्या पुस्तकावर बेतलेली आहे. नवरा वारल्यावर नायिका सासूला घेऊन ओहायोतल्या एका शेतीच्या गावात येते. गाव सासूचं आहे, नायिका परकी. सासू मधुमेही आणि दुःखाने कडवट झालेली, अगदी रूथच्या सासूसारखी, नामीसारखी, जी गावातल्या बायकांना सांगते की मला आता नामी म्हणू नका. रूथ बवाज नावाच्या माणसाच्या शेतात सरवा वेचते, तशी माझी नायिका काढणी झालेल्या शेतात मागे राहिलेले भोपळे आणि मक्याची कणसं गोळा करते. इंग्रजीत लिहिताना ‘ग्लीनिंग’ लिहावं लागतं, पण मनात शब्द येतो तो लहानपणापासून शास्त्रपाठात ऐकलेला ‘सरवा’च.

सहा वर्षं लिहितेय. नर्सिंग होममध्ये रात्री दोननंतर वॉर्ड शांत असतो, तेव्हा ब्रेकमध्ये फोनवर टिपणं काढायची आणि सुटीच्या दिवशी टाइप करायची. असं करत एक लाख बत्तीस हजार शब्द झाले.

त्या आकड्यावरच बाईंचा पहिला मोठा आक्षेप होता. नवख्या लेखकाची आजच्या काळातली कादंबरी ऐंशी ते पंच्याण्णव हजार शब्दांत हवी, असं त्या म्हणाल्या. ऐतिहासिक असली तर थोडी जास्त चालते. हार्लेक्विन ह्या प्रकाशनाची ‘लव्ह इन्स्पायर्ड’ ही ख्रिस्ती प्रेमकथांची मालिका १९९७ पासून चालू आहे. तिथल्या कादंबऱ्या साधारण ५५ हजार शब्दांच्या असतात आणि त्या चौकटीत काय बसतं ते ठरलेलं असतं. मी विचारलं, जाड पुस्तकं छापली जातच नाहीत का? जातात, त्या म्हणाल्या, पण आधी चार पुस्तकं खपलेल्या लेखकाची. नव्या लेखकाचं जाड पुस्तक छापायला जास्त पैसे लागतात आणि किंमत वाढली की अनोळखी नावाला गिऱ्हाईक मिळत नाही. शिवाय एक लाख बत्तीस हजार हा आकडा दिसला की एजंटला वाटतं, हिने अजून कापायला सुरुवातच केलेली नाही. हे मला लागलं, कारण ते खरं होतं.

ह्या बाजाराविषयी थोडं, कारण ते समजल्याशिवाय एजंटच्या मागण्या समजत नाहीत. सगळे त्याला ‘सीबीए’ म्हणतात. मुळात हे १९५० साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती पुस्तकविक्रेत्यांच्या संघटनेचं नाव, पण आता ते सगळ्या बाजारालाच चिकटलंय. बेथनी हाउस, रेव्हेल, टिंडेल, थॉमस नेल्सन, झोंडरव्हन ही त्यातली मोठी नावं. बाहेरून वाटतं की पाच दारं आहेत, पण बेथनी हाउस आणि रेव्हेल दोन्ही बेकरची, आणि नेल्सन आणि झोंडरव्हन दोन्ही हार्परकॉलिन्सच्या छपराखाली. अशा घरांत एजंटशिवाय आलेलं हस्तलिखित सहसा वाचलंच जात नाही. त्यात ख्रिस्ती पुस्तकांची दुकानं गेली. फॅमिली ख्रिश्चन स्टोअर्सने २०१७ मध्ये आपली सुमारे २४० दुकानं बंद केली, आणि लाइफवेने २०१९ मध्ये आपली १७०. पूर्वी एखादी बाई अशा दुकानात शिरायची, कपाटासमोर उभी राहून मुखपृष्ठं बघायची आणि अनोळखी लेखिकेचं पुस्तक उचलायची. ते उचलणं आता फार कमी झालं. म्हणून एजंट आधी विचारतो, वाचकाला तुमचं पुस्तक सापडणार कसं?

आता त्या चौथ्या पानाकडे येते, कारण माझे १७५ डॉलर तिथेच वसूल झाले.

पहिलं प्रकरण दफनविधीच्या रात्रीचं. पाहुणे गेलेत, सासू झोपलीय. नायिका स्वयंपाकघरात सासूच्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरते. सात खणांची ती प्लास्टिकची डबी असते ना, तीच. गुरुवारच्या खणाचं झाकण अडकतं. ते नखाने उचकटायचं कसं हे नवऱ्याला माहीत होतं, हे काम त्याचं होतं. इथपर्यंत दोन-तीन ओळी. मग ती गुडघे टेकते आणि तीन पानं प्रार्थना करते. त्या प्रार्थनेत तिचं लग्न कसं झालं, नवरा कसा गेला, माहेर का तुटलं, सासूशी का पटत नाही, देवावर तिचा राग का आहे आणि शेवटी तिला शांती कशी मिळाली, सगळं होतं. लिहिताना मी रडले होते. मंडळीतल्या दोन बायकांना वाचून दाखवलं तेव्हा त्याही रडल्या होत्या.

गोळ्यांच्या डबीपाशी बाईंनी लिहिलं होतं: “इथे मी थांबले. ह्या दोन ओळींत मला देवावर भरवसा ठेवणारी बाई दिसली. पुढची तीन पानं ती मला समजावत बसली.”

झूमवर त्यांनी ती प्रार्थना मोठ्याने वाचली. सावकाश, अजिबात चेष्टा न करता. तिसऱ्या परिच्छेदाला मीच त्यांना थांबवलं. माझ्याच कानांना ऐकू आलं की कुणी असं बोलत नाही. देवाला माहीत नाही का तिचं लग्न कधी झालं ते? मी वाचकाला माहिती देत होते आणि त्यासाठी प्रार्थना वापरत होते. हे असं समोर आलं तेव्हा मला लाज वाटली, कारण प्रार्थना मला खरोखर प्रिय आहे. आमच्या नर्सिंग होममधल्या एक आजी रोज रात्री दिवा मालवायच्या आधी फक्त आपल्या मुलांची नावं घेतात, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, आणि आमेन म्हणतात. एवढीच त्यांची प्रार्थना. मी ती शेकडो रात्री ऐकलीय आणि माझ्या नायिकेला मात्र तीन पानांचं भाषण दिलं.

मी विचारलं, पण ख्रिस्ती कादंबरी वाचणाऱ्यांना प्रार्थना हवीच असते ना? हवी असते, त्या म्हणाल्या, आणि ते स्वतः प्रार्थना करणारे लोक असतात, म्हणून त्यांना लगेच कळतं कोणती खरी आणि कोणती लेखकाने घातलेली. मग त्यांनी एक कसोटी दिली. ती मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलीय. प्रार्थनेच्या आधी ती काय करणार होती आणि प्रार्थनेनंतर काय करते? दोन्ही तेच असेल, तर ती प्रार्थना गोष्टीत नाही, गोष्टीवर आणून ठेवलेली आहे.

दुसरी कसोटी उलट बाजूची. काहींना वाटतं, शिव्या नाहीत, बेडरूमचे प्रसंग नाहीत, झाली ख्रिस्ती कादंबरी. बाई म्हणाल्या, ती फक्त स्वच्छ कादंबरी. पात्रांची श्रद्धा काढून टाकली आणि गोष्ट जशीच्या तशी उभी राहिली, तर ती सर्वसाधारण बाजारात पाठवा, तिथे तिला जास्त वाचक मिळतील. त्यांना हवी असते अशी कथा जिच्यातली श्रद्धा काढली तर कथाच कोसळेल, पण जिच्यात उपदेश ऐकू येत नाही. हे दोन्ही एकत्र साधलेलं हस्तलिखित त्यांच्याकडे फार क्वचित येतं. उपदेशाचं पारडं जड झालेली पुष्कळ येतात, असं त्या म्हणाल्या.

माझ्या शेवटच्या प्रकरणावरही तेच. माझा बवाज, म्हणजे शेतकरी, अख्ख्या कादंबरीत देवाबद्दल उदासीन असतो आणि शेवटच्या वीस पानांत त्याचं तारण होतं, म्हणजे तो ख्रिस्तावर विश्वास ठेवतो. सारांश वाचून त्यांनी विचारलं, “त्याला नेमकं काय झालं म्हणून तो बदलला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुस्तक संपत होतं म्हणून तो बदलला होता. बदलू देऊ नका असं त्या म्हणाल्या नाहीत. तो बदल आधी, मधल्या प्रकरणांत, त्याच्या हातून घडणाऱ्या गोष्टींत दिसू दे, म्हणाल्या. बायबलातला बवाज आपल्या माणसांना सांगतो की पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम तिच्यासाठी टाकत जा, आणि तिला धमकावू नका. त्याचा देव त्या टाकलेल्या कणसांत दिसतो. हे त्यांनी मला सांगितलं, आणि मी रूथचं पुस्तक लहानपणापासून किती वेळा वाचलंय!

हे ऐकताना मला आपलीच गोष्ट आठवत होती. बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण जिच्याकडे बोट दाखवतो ती, आणि ती एका ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती कळकळीने लिहिलेली. विधवांचं दुःख हा तिचा प्राण. तिच्यात वाद आणि उपदेश भरपूर आहे, त्या काळाला ते चालत होतं आणि लिहिणाऱ्याला गरजेचंही वाटलं असणार. मी त्याच वळणावर वाढले. गोष्ट सांगता सांगता थांबून शिकवण द्यायची, हे मला चुकीचं वाटतच नव्हतं. म्हणून एजंटचं बोलणं पचायला वेळ लागला.

आता पत्राची गोष्ट, ती सांगायला जड जातेय. प्रपोजलसोबत एजंटला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत मी म्हटलं होतं की ही कादंबरी देवाने मला लिहायला सांगितली. मी मनापासून लिहिलं होतं आणि आजही तसंच मानते. बाईंनी त्या ओळीवर रेघ मारली नाही. शेजारी लिहिलं: “मी तुमच्यावर विश्वास ठेवते. पण हे वाचून मला पुढे काहीच म्हणता येत नाही. मी नाही म्हटलं तर मी देवाला नाही म्हटलं का?” झूमवर त्यांनी सांगितलं की अशी पत्रं ह्या बाजारात सारखी येतात, आणि बरेचदा त्याच लेखकांना एक शब्द बदलायला सांगितलं की राग येतो, कारण देवाने दिलेलं कसं बदलायचं? एजंट शोधत असतो असा लेखक ज्याच्याबरोबर दहा वर्षं काम करता येईल. जो तारीख पाळेल, संपादकाचे शेरे आले की दोन दिवस रुसेल आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागेल. मी बरोबर दोन दिवस रुसले होते, ते त्यांना सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तुमचं जमेल.

त्याच ओघात त्यांनी विचारलं, दुसरं पुस्तक कोणतं? माझ्याकडे दुसरं पुस्तक नव्हतं. सहा वर्षं मी ह्या एकातच होते. एजंट एका पुस्तकासाठी लेखक घेत नाही, हे मला तेव्हा समजलं. प्रपोजलमध्ये पुढच्या दोन कल्पना तरी चार-चार ओळींत हव्यात, आणि त्या ह्याच प्रकारातल्या, ह्याच वाचकाला आवडतील अशा. आज रूथ आणि उद्या अंतराळातली युद्धं, असं नको.

बाकीचं पटकन सांगते. पहिली कादंबरी पूर्ण लिहून झालेली हवीच. कथेतर पुस्तक प्रपोजलवर विकलं जातं, नवख्याची कादंबरी नाही. तुलनेसाठी दिलेली पुस्तकं गेल्या तीन-पाच वर्षांतली हवीत, मी दिलेली तिन्ही पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची आणि प्रचंड खपलेली होती. त्यातून एजंटला एकच कळलं, की मी हल्ली ह्या प्रकारातलं काही वाचलेलं नाही. ख्रिस्ती कादंबऱ्यांना दिल्या जाणाऱ्या, १९९९ साली सुरू झालेल्या क्रिस्टी पुरस्कारांच्या अलीकडच्या याद्या काढा आणि त्यातली दहा तरी वाचा, हा गृहपाठ मला मिळाला. अमेरिकन ख्रिश्चन फिक्शन रायटर्स ही संघटना अप्रकाशित लेखकांसाठी ‘जेनेसिस’ नावाची स्पर्धा घेते. त्यात पाठवा, परीक्षकांचे शेरे मिळतात, असंही त्यांनी सुचवलं.

एक चूक मात्र त्यांनी पकडली नसती तर मला कधीच कळली नसती. कादंबरीचे चार भाग आहेत आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला मी रूथचा एकेक अध्याय पूर्ण छापायचा ठरवला होता, एनआयव्ही ह्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरातून. अध्याय चार, वचनं मिळून ८५. मला वाटत होतं, काळजी नाही, कारण एनआयव्हीची ५०० वचनांपर्यंत लेखी परवानगीशिवाय वापरता येतात. बाईंनी लिहिलं: “नियमाचं पुढचं वाक्य वाचा.” पुढे असं आहे की ती वचनं मिळून बायबलातलं एखादं पूर्ण पुस्तक होता कामा नये, आणि तुमच्या एकूण मजकुराच्या २५ टक्के किंवा त्याहून जास्त होता कामा नयेत. चार अध्याय म्हणजे रूथचं पूर्ण पुस्तकच. ८५ वचनं असूनही मी नियम मोडत होते. एक तर परवानगी घ्या, नाही तर किंग जेम्स हे जुनं इंग्रजी भाषांतर वापरा, अमेरिकेत ते सगळ्यांना मोकळं आहे, किंवा अध्यायांतली मोजकी वचनं घ्या. मी मोजकी घेतली. आता प्रत्येक भागावर एकच वचन आहे आणि ते जास्त बोलतं.

तक्रारीही आहेत, आणि त्या लपवणार नाही.

तीन आठवडे सांगितले होते, शेरे पाच आठवड्यांनी आले. मधे मी एकदा विचारलं तर संमेलनाच्या कार्यालयातून ठरावीक मजकुराचं उत्तर आलं. झूमचं रेकॉर्डिंग मिळेल असं पानावर लिहिलेलं आहे. मला ते अजून मिळालेलं नाही, दोनदा मागून झालं. मी बोलता बोलता हाताने टिपणं काढली म्हणून वाचले. तुम्हीही काढा.

प्लॅटफॉर्मवरचा भाग, म्हणजे लेखकाला ओळखणारे लोक किती, हा मला तयार मजकूर चिकटवल्यासारखा वाटला. ईमेल यादी करा, दर महिन्याला पत्र पाठवा, सोशल मीडियावर दिसत राहा. आठवड्याला चार रात्रपाळ्या करणाऱ्या बाईने हे कधी करायचं, ह्याचा त्यात विचार नव्हता. झूमवर विचारल्यावर उत्तर चांगलं आलं: कादंबरीकाराकडे कथेतर लेखकाइतकी मोठी यादी मागत नाहीत, आणि हजारो फॉलोअर्सपेक्षा पत्र उघडून वाचणारी दोनशे माणसं मोलाची. हेच लेखी शेऱ्यांत असतं तर मधले दिवस मी उगाच खचले नसते.

आणि एका बाबतीत मला त्यांचं म्हणणं अजिबात पटलं नाही. नायिका परदेशी असल्यामुळे अमेरिकन वाचकाला धरायला कुणी तरी हवं, म्हणून तिला इथलीच एक मैत्रीण द्या आणि काही प्रकरणं त्या मैत्रिणीच्या नजरेतून लिहा, असं त्यांनी सुचवलं. मी नम्रपणे सांगितलं की रूथ मवाबी होती, म्हणजे मवाब देशातली, परकीच. त्या पुस्तकात तिला पुन्हा पुन्हा ‘मवाबी’ म्हटलंय, वाचकाने विसरू नये म्हणून. कुणाही मैत्रिणीच्या मध्यस्थीशिवाय इतक्या पिढ्यांनी तिला आपलं मानलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, हा युक्तिवाद प्रपोजलमध्ये लिहा, शब्दशः. सल्ला त्यांनी मागे घेतला नाही, पण संपादक हा प्रश्न विचारणारच आणि उत्तर तुमच्याकडे तयार हवं, असं म्हणाल्या. मैत्रीण मी घातलेली नाही, घालणारही नाही.

हे सगळं धरून पाचपैकी चार तारे देईन. हस्तलिखित पूर्ण झालेलं असेल आणि निदान एकदा तुम्ही स्वतः ते कापून काढलेलं असेल, तर १७५ डॉलर सत्कारणी लागतील. अर्धवट असेल तर थांबा, कारण पहिल्या तीस पानांवरचे शेरे वाचून पुढचं लिहायचा हुरूप जाऊ शकतो. मंडळीतल्या किंवा घरच्या माणसांचं कौतुक घेऊन थेट इथे येऊ नका. मधे एखादा लेखनगट, एखादी स्पर्धा, परक्या माणसाची नजर हवी. फाइल वर्डमध्ये, बारा पॉइंट टाइम्स न्यू रोमन, दुहेरी ओळ. मी दीड ओळीत पाठवली होती, म्हणून तीस पानांत जास्त मजकूर मावला, आणि बाईंना ते पहिल्या पानालाच कळलं.

हस्तलिखित आता ९४ हजार शब्दांवर आलंय. स्वयंपाकघरातल्या त्या रात्री नायिका गुरुवारचं झाकण नखाने उचकटते, गोळी आत ठेवते, नवऱ्याचं नाव घेते, मग सासूचं, आणि आमेन म्हणते. मग उठून सासूच्या खोलीचं दार थोडं उघडं करते, जे ती आजवर रोज बंद करत आली होती. सगळं मिळून सहा ओळी. पुढच्या महिन्यात तीन एजंटांना प्रपोजल जाणार आहे, ह्या वेळी रीतसर सबमिशन म्हणून. त्यातलं पहिलं ह्याच बाईंना.